तिचं माहेरचं नाव

पोलीस खात्यातल्या नोकरीत मी खुनाचे तपास पुष्कळ केले. पण ज्या प्रकरणात आरोपीच्या आधी मला माझीच सही सापडली, ते काही डोक्यातून जात नाही.

तुळजापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर विवाहितेचं प्रेत विहिरीत सापडलं. पाणी शेंदताना पाय घसरला, असं नवऱ्याने सांगितलं. आम्ही पंचनामा करून आकस्मिक मृत्यूची नोंद घेतली. ठाण्यात परततो तोच वस्तीवर घरोघरी आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईंचा फोन आला.

"साहेब, तिच्या दारात नळ हाय. त्या इहिरीवर ती कशाला जाईल?"

नवऱ्याला ठाण्यात बसवलं. गडी शांत होता.

"येकदाच भांडण झालं व्हतं साहेब. ते तुमीच मिटवलं की."

खरं होतं. चार महिन्यांपूर्वी ती तक्रार घेऊन आली होती. मी अदखलपात्र नोंद केली, दोघांना समोर बसवलं, त्याला दम भरला, समजूत काढली आणि खाली सही ठोकली. या कामात मी स्वतःला मोठा पटाईत समजत असे. दवाखान्यातही तिच्या नावाचा केसपेपर निघाला नाही, तेव्हा नवऱ्याचं म्हणणं मला पटू लागलं.

शवविच्छेदनाच्या वेळी तिच्या माहेराहून, तेरहून, तिची आई आली. ती लेकीला भलत्याच नावाने हाका मारत रडत होती. आमच्याकडे लग्नात सुनेचं नाव बदलतात. माझ्या बायकोचंही बदललं होतं, तरी मला ते सुचलं नव्हतं! आधार कार्डावर माहेरचंच नाव होतं आणि दवाखान्यात तेच नोंदलं गेलं होतं. हवालदाराने त्या नावाने शोधलं, तर दोन केसपेपर निघाले. पहिल्यावर मोडलेला हात, दुसऱ्यावर गळ्यावरचे वळ. दोन्हीकडे कारण लिहिलं होतं, 'पडून'. दुसरा कागद मी समजूत काढल्यानंतरचा होता.

शवविच्छेदनातही गळा दाबल्याचं निघालं. सगळे कागद पुढे ठेवल्यावर नवरा म्हणाला, "म्याच दाबला."

दोषारोपपत्र गेल्यावर फाईल बंद करून भागलं असतं. पण मी तिला तपासणारे दोन्ही डॉक्टर, आशाताई आणि महिलांच्या तक्रारी पाहणाऱ्या संरक्षण अधिकारी बाई यांना ठाण्यात बोलावलं. कोणावर ठपका ठेवायचा नाही, फक्त आपल्याला काय माहीत होतं ते सांगायचं, असं ठरलं. दोन्ही डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडे एकदाच आली होती." आशाताईही तेच म्हणाल्या, मीही तेच म्हणालो. संरक्षण अधिकारी बाईंपर्यंत तर ती पोचलीच नव्हती. आशाताईंनी बोटं मोजली.

"म्हंजे चार डाव आली की हो ती."

मला लाज वाटली.

मग नोंदवहीत माहेरच्या नावाचा रकाना आखला. समजूत काढण्याआधी दवाखान्याला फोन करायचा आणि गळ्यावर वळ असलेली बाई परत घरी धाडायची नाही, असा नियम केला. पुढे जळकोटकडच्या एका बाईचे जुने केसपेपर त्या रकान्यामुळे सापडले आणि ती वेळेत माहेरी पोचली. बाई ठाण्यात पहिल्यांदा दिसते, तेव्हा ती आधी कुठं कुठं फिरून आलेली असते, एवढं मी शिकलो.

नंतर तेरला जाऊन तिच्या आईला सगळं सांगितलं, माझ्या सहीसकट. वाटलं, शिव्या देईल. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"त्या दिशी ठाण्यातनं निघाल्यावर फोन केला व्हता तिनं," ती म्हणाली. "साहेब लई चांगले हायेत, म्हणली. आता काळजी करू नगंस, म्हणली."