सगळ्यात पुढे मी

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. असा पचका आयुष्यात झाला नव्हता हो माझा!

आमच्या इंग्रजीच्या इनामदार बाई मुलाकडे बंगळुरूला निघाल्या होत्या, कायमच्या. त्यांना न्यायला गाडी पाचला घरी येणार होती. त्याआधी बाईंना भेटायचं म्हणून दहावीचा आमचा वर्ग जुन्या शाळेच्या फाटकाशी जमला. टकलं, सुटलेली पोटं, रंगवलेले केस... पण हाक तीच, "ए बारक्या!" मला एकदम भरूनच आलं. इंग्रजीची भीती घालवली होती बाईंनी आमची.

बाई आता कात्रजला राहतात. सुन्या म्हणाला, "ग्रुपवर लोकेशन टाका रे."

"पुण्यात जन्मलेल्या माणसाला लोकेशन?" मी उसळलो. "बाईंनी काय शिकवलंय? लीड फ्रॉम द फ्रंट! नेत्याने स्वतः सगळ्यांच्या पुढे राहायचं. चला माझ्या मागे!"

निघाली आमची स्कूटरची वरात. मार्केट यार्डाजवळ ही गर्दी! मी बेधडक डावीकडच्या बोळात घुसलो. आरशात बघतो तर मागे हेल्मेटांची रांग! छाती फुगली हो. शाळेत मला कुणी साधा मॉनिटर केलं नव्हतं. एक बोळ, दुसरा बोळ, मग एक फाटक, आणि थेट कुठल्याशा सोसायटीचं पार्किंग. पुढे भिंत!

हेल्मेटं निघाली, स्कार्फ सुटले. एकही चेहरा ओळखीचा नाही!

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

"आम्ही कोण काय? आपण कोण?" एक काकू कडाडल्या. "रस्ता माहीत नव्हता, तर एवढ्या ऐटीत वळलात कशाला?"

बरोबरच होतं त्यांचं. गर्दीत कुणी ऐटीत वळला, की शॉर्टकट असणार म्हणून मागे वळायचं, ही आपली पुणेरी रीत. मीही तेच करत आलोय की! माझा वर्ग मागे सिग्नललाच अडकला होता. मी वळताना कुणाला दिसलोच नाही, ते आपले सरळ गेले. फोन डिकीत बोंबलत होता.

कात्रजला पोचलो तेव्हा बाई गाडीत बसल्या होत्या. सगळा वर्ग भोवती उभा. दारातून वाकून पाया पडलो आणि धापा टाकत सगळी कहाणी सांगितली. बाईंनी डोक्यावर हात ठेवला. माझे डोळे तर वाहायलाच लागले.

"लीड फ्रॉम द फ्रंट," बाई शांतपणे म्हणाल्या. "अर्थ बरोबर आहे तुझा. वाक्यात उपयोग चुकलाय. अर्धा मार्क."