दारातल्या चपला

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. फोन ह्यांनी घेतला. "ताई गेली," एवढंच म्हणाले आणि खुर्चीवर बसले. मी उरलेली मेथी निवडली, देठं कागदात गुंडाळली, हात धुतले, मग साडी बदलली. पंचवटीत पोचलो तर बायका माझ्या गळ्यात पडून रडायला लागल्या, आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. आता काही आठवडे झाले. मला अजून रडू आलेलं नाही. लिहून बघावं म्हणून बसले आहे. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण हे कुणाला दाखवायचं नाही, म्हणून चालेल.

ताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. बालवाडीच्या बाई होत्या. नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं. पंचवटीत एकट्या राहायच्या आणि सगळीकडे एकट्या जायच्या. मी सटाण्याकडची. लग्न होऊन नाशिक रोडला आले आणि घरातच बसले. तोंड उघडलं की 'आहे'च्या जागी आमचं अहिराणी 'शे' निघायचं, जावा हसायच्या, मग तोंड उघडणंच बंद केलं. एका रविवारी ताई आल्या आणि सासूबाईंना म्हणाल्या, "मंदाला नाटकाला नेते." सासूबाई म्हणाल्या, "तिला काय कळणार त्यातलं?" ताई म्हणाल्या, "मला तरी कुठे सगळं कळतं? न कळलेलं दोघी मिळून बघू."

गावातलं ते जुनं नाट्यगृह मी पहिल्यांदा पाहिलं. आत शिरताना नटराजाच्या मूर्तीला ताजा हार घातलेला, रंगमंचाकडून उदबत्तीचा वास येत होता, कुणीतरी नारळ फोडल्याचा आवाजही आला. मी दाराशी चपला काढल्या, भिंतीला लावल्या आणि हात जोडले. मागच्या एक बाई फिदीफिदी हसल्या. ताई पुढे गेल्या होत्या, त्या वळल्या. त्यांनी त्या बाईंकडे बघितलं, माझ्या पायांकडे बघितलं. मग स्वतःच्या चपला काढून माझ्या चपलांशेजारी ठेवल्या. "बरं केलंस, मंदा. मी आपली दर वेळी विसरते." मला ते खरंच वाटलं. मध्यंतरात सगळ्यांच्या पायांत चपला दिसल्या तेव्हा कळलं, आणि पाय कुठे लपवावेत ते कळेना. ताई बटाटेवडा खात होत्या. म्हणाल्या, "आता घातल्यास तर ती बाई जिंकेल. मुळीच घालायच्या नाहीत."

तेव्हापासून तो आमचा रिवाजच झाला. सासूबाई गेल्या, मुलं मोठी झाली, तरी नाटक म्हटलं की दोन जोड दाराबाहेर. एकदा ताईंच्या नव्या चपला चोरीला गेल्या. रिक्षात अनवाणी बसून त्या हसत सुटल्या. "बघ, चोरसुद्धा नाटक बघायला येतो!" तिसरी घंटा झाली, दिवे मालवले, की त्या माझ्या गुडघ्यावर हात ठेवायच्या. मी घाबरते असं त्यांना वाटायचं. मी घाबरायचेच... अंधाराला नाही, एवढ्या लोकांना.

मग नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद झालं आणि ताई अंथरुणाला खिळल्या. शेवटची भेट झाली तेव्हा मी त्यांना पेज भरवत होते. त्या म्हणाल्या, "उघडलं म्हणे आपलं थिएटर. जाऊन ये."

"तुम्ही उठल्यावर जाऊ, ताई."

"मी काही उठत नाही आता. एकटी जा. जाशील ना?"

मी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते माझं मलाच आठवत नाही. तेच मनात अडकून बसलं. आयुष्यात मी एकटी दवाखान्यातसुद्धा गेले नव्हते.

परवाच्या रविवारी मी ह्यांना म्हटलं, "मी नाटकाला जाते." हे म्हणाले, "कुणाबरोबर?" मी म्हटलं, "जाते." बसमध्ये उतरेपर्यंत तिकीट मुठीत धरून ठेवलं होतं. दाराशी चपला काढल्या तर मागून एक मुलगी म्हणाली, "काकू, घालूनच जायचं असतं आत."

"माहीत आहे," मी म्हटलं. परक्या माणसाला एवढं स्पष्ट मी पहिल्यांदाच बोलले असेन.

पायाखाली पूर्वी गार फरशी लागायची, आता गालिचा आहे. खुर्च्या मऊ आहेत. घंटा तशीच वाजली. दिवे गेले. गुडघ्यावर मीच माझा हात ठेवला, तो नुसता हातच होता. नाटक विनोदी होतं, लोक हसत होते. मी शेवटपर्यंत बसले. रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही. काहीच वाटलं नाही.

बाहेर आले. भिंतीपाशी माझ्या चपला होत्या. मी त्या घातल्या आणि उभी राहिले. इकडे बघितलं, खांबामागे बघितलं, वाकून बाकाखाली बघितलं. गर्दी ओसरली. वॉचमन जवळ आला. "मावशी, चपला गेल्या का?"

"हो," मी म्हटलं. "आमच्या ताईंच्या."

तोही बिचारा माझ्याबरोबर शोधायला लागला.