बापाचा वास

माझं माहेर वडवणीचं. पुण्यातल्या प्रयोगशाळेत मी आनुवंशिक आजारांवर काम करते, म्हणजे आईबापांकडून लेकरांत उतरणाऱ्या आजारांवर. गावाकडं मात्र मी डॉक्टरीणच. आधी चार जणांचे गुडघे बघावे लागतात, मग कुठं घरातल्या गेलेल्या लेकरांबद्दल कुणी तोंड उघडतं. चिडून उपयोग नसतो, तरी मी चिडते.

आष्टी तालुक्यातल्या एका घरात दोन मुलगे जन्मून पंधरवड्याच्या आत गेले होते. नवरा-बायको आते-मामे भावंडं. तिकडं मामाची मुलगी करण्यात कुणाला वावगं वाटत नाही. मला ज्या आजाराचा संशय होता, त्यात दुधातली प्रथिनं लेकराच्या शरीराला नीट जिरवता येत नाहीत, अंगात विष साठतं आणि लघवीला काकवीसारखा वास येतो. दोन्ही वेळा मी पोचले तेव्हा तपासायला काही उरलं नव्हतं. वासाचं विचारलं, तर सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "येत हुता की! बापाचा वास. कारखान्यातून आला की पयलं लेकरू उचलायचा त्यो."

बाप सहकारी साखर कारखान्यात, रस उकळतात तिथं कामाला होता. हंगामात अख्ख्या गावाला तोच वास असायचा. कपड्यांना, अंथरुणाला, माझ्या पर्सलासुद्धा. या आजाराची ओळखायला सोपी अशी एकच खूण, आणि तीही नेमकी इथं येऊन वाया जावी! मी कपाळावर हात मारून घेतला. पुढच्या खेपेला बाळ जन्मल्याबरोबर कळवा, असं पुन्हापुन्हा बजावून परतले.

पुढची खेप दुष्काळात आली. ऊस जागेवर वाळला, कारखाना पेटलाच नाही, बाप रोजगार हमीवर खडी फोडायला जाऊ लागला. 'जन्मल्याबरोबर' करायचा फोन आला तेव्हा मुलगी पाच दिवसांची झाली होती. दूध सोसायटीच्या सेक्रेटरीकडं निरोप दिलेला, आणि त्याला चारा छावणीतून सवड मिळाली नव्हती. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं कुणावर?

बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकलं आणि मी थबकले. बाहेर नुसता फुफाटा, आणि आत काकवीचा वास. पोर मलूल पडलेली, अंगावर पीत नव्हती. तिच्या लघवीत सोबत नेलेल्या बाटलीतलं रसायन टाकलं. पिवळा साका धरला; संशय खरा ठरला.

"आत्ताच्या आत्ता पुण्याला न्यायचं," मी म्हणाले. "आणि दूध बंद."

सासूबाई उसळल्या. "बाराव्या दिसाच्या आत लेकरू येशीबाहीर? अन् आईचं दूध कावून तोडायचं? दुष्काळात तेवढंच तर हाय घरात!"

"तेच बाधतंय तिला, मावशी."

"म्हंजी त्या दोगांना आमीच पाजून मारलं म्हणता?"

तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, एवढं पुटपुटले. मला भयंकर राग आला होता, आणि त्या बाईवर तर मुळीच नव्हता.

तेवढ्यात बाप कामावरून आला. सासूबाईंनी पोर त्याच्यापुढं धरली. "बग बाबा, तुझाच वास हाय लेकराला. ह्या बाई काईबाई सांगत्यात."

त्यानं पोरीला हुंगलं. मग स्वतःची बाही नाकाशी नेली.

"आई," तो म्हणाला, "दिवाळीपासनं खडी फोडतोय मी. मला फुफाट्याचा वास येतोय."

इतका वेळ भिंतीकडं तोंड करून बसलेली बाळंतीण उठली, तिनं पोरीला दुपट्यात गुंडाळलं आणि म्हणाली, "चला." सोसायटीच्या दुधाच्या टेम्पोतून आम्ही नगरपर्यंत गेलो आणि तिथून पुण्याला.

मुलगी वाचली. पण म्हणून माझा संताप संपला नाही. तिला लागणारी, बाधणारी प्रथिनं वगळलेली दुधाऐवजीची पावडर परदेशातून यायची आणि बंदरात अडकायची. साधा ताप आला तरी विष पुन्हा चढायचं, आणि तिकडून पाठवलेल्या रक्ताचा अहवाल येईपर्यंत ताप उतरून गेलेला असायचा. माझ्याकडं एवढी महागडी यंत्रं, आणि आष्टीतल्या तापल्या पोरीला त्यांचा उपयोग शून्य. शेवटी मी तिच्या आईला सांगितलं, रोज सकाळ-संध्याकाळ दुपटं हुंगत जा. एवढं शिकून मी दिलेला हा सल्ला.

पुढं पाऊस झाला, ऊस उभा राहिला, कारखाना सुरू झाला. बापाला बोलावणं आलं, पण तो गेला नाही. बायको-पोरीला घेऊन चकलांब्याला सासुरवाडीत बटईनं शेती करू लागला. मला कळलं तशी मी तडक तिथं गेले आणि त्याला फैलावर घेतलं. पर्मनंट नोकरी अशी कुणी सोडतं का?

त्यानं ऐकून घेतलं. पोर त्याच्या खांद्यावर झोपली होती.

"म्याडम," तो म्हणाला, "त्यो वास अंगाला घिऊन मी घरी आलो, तर हिचा वास हिच्या आईला कसा कळंल?"