विहिरीला वळसा घालून काशीला

मुशाफिरकाका काशीला गेलेत असं काकूंनी मला सांगितलं, तेव्हा काका त्यांच्याच अंगणात विहिरीच्या कठड्याला टेकून तांदळाची भाकरी खात बसले होते. मी कऱ्हाडकडून वीजकेंद्राच्या बांधकामावर नवाच आलेलो, भाड्याची खोली शोधत तारापूरच्या बाजूच्या त्या वाडीत शिरलो होतो. मग ते कोण, असं मी बोट दाखवून विचारलं. "तेच," काकू म्हणाल्या, "पण आता जबलपुरात हायत. बोलू नका त्यांच्याशी, ओळख लागायची नाय." म्हटलं, चांगलं घर सापडलं! तरी खोली घेतली, कारण दुसरी मिळतच नव्हती.

काकांचा पानवेलीचा मळा होता, पण खरं खूळ नाटकाचे पडदे रंगवण्याचं. पालघरपासून मुरब्यापर्यंत शिमग्याला नाटकं बसवणाऱ्या मंडळांचे राजवाडे, अरण्यं, नदीचे घाट सगळे त्यांच्याच हातचे. आणि नियम असा, की जागा पाहून आल्याशिवाय कुंचल्याला हात लावायचा नाही. पाहायला जायचं म्हणजे गाठोडं बांधायचं, देवाला नमस्कार करायचा, पुढच्या दारानं बाहेर पडायचं आणि विहिरीला फेऱ्या घालायच्या. शेवग्याचं झाड ओलांडलं की नाशिक मागे पडायचं आणि काका हिंदी बोलायला लागायचे. गोठा ही धर्मशाळा. तिथेच मुक्काम, तिथेच झोप. एरवी हा माणूस जन्मात वैतरणा स्टेशनाच्या पलीकडे गेला नव्हता. एकदा गाडीत बसले होते म्हणे, पण पुलाखालचं पाणी बघून त्यांना घेरी आली आणि पुढच्याच स्टेशनावर उतरून ते परत आले.

ते प्रवासात असताना घरचं काही अडलं तर तार करावी लागे. म्हणजे काकूंनी ओटीवरून "तार आली" अशी हाक मारायची. एकदा बैल आजारी पडला. काका नेमके रामेश्वराला. काकूंनी तार केली, काकांच्या तोंडचं पाणी पळालं, ते तसेच उठले आणि विहिरीला उलट्या फेऱ्या घालू लागले. मी म्हटलं, अहो काका, गोठा चार पावलांवर आहे! त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडा ठरलो. रामेश्वरहून यायला वेळ नाही का लागणार? ते घामाघूम होऊन पोचेपर्यंत बैल उठून कडबा खात होता.

मला खरी गंमत वाटायची ती जेवणवेळेची. काका मागच्या दारी येऊन "माताजी, भोजन मिलेगा?" विचारायचे. ही माताजी म्हणजे लग्नाची बायको, बरं का. काकू डोक्यावरचा पदर सारखा करून, पाहुणे कुठले, कुठे निघालात, अशी चौकशी करत पान वाढायच्या. काका कालवण ओरपत सांगायचे की आमच्या घरी काही असं कालवण होत नाही. आणि काकूही परक्या माणसाजवळ मन मोकळं करावं तसं बोलायच्या: आमचे हे सारखे फिरतीवर असतात, मला मात्र कधी कुठं नेलं नाय. काका मान हलवून म्हणायचे, असतात हो काही नवरे असे. दोघांच्याही चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही. मी आत खोलीत तोंडात पंचा कोंबून हसायचो, आणि नंतर नंतर हसू येईनासं झालं.

काशीचा पडदा तयार झाला तेव्हा त्यात गंगेच्या घाटावर बोंबील वाळत घातलेले होते. गावातले एक गुरुजी खरोखर काशी करून आलेले. त्यांनी हरकत घेतली, की मी तिथे असं काही पाहिलं नाही. काकांनी शांतपणे विचारलं, तुम्ही किती दिवस होता? गुरुजी म्हणाले, तीन. काका म्हणाले, मी आठवडाभर होतो. पडदा तसाच लागला, आणि लोकांना तो घाट फार आवडला.

मग समुद्राकडची काही घरं वीजकेंद्रासाठी हलवायची ठरली. काकांचं घर त्यात होतं. नवी जागा कोसा-दीड कोसावर, बैलगाडीनं तासाभराची वाट, पण काका त्या गाडीत रडत बसले होते. नव्या घराला विहीर नाही, नळ. गोठा नाही. मागचं दारही नाही. मी जवळच सरावलीला राहायला गेलो, पण रविवारी त्यांच्याकडे जायचो. शिमगा तोंडावर आला होता आणि मंडळाला या खेपेला घराचा पडदा हवा होता: ओटी, अंगण, विहीर. काकांनी मांजरपाट ताणून ठेवला होता तो कोराच. रोज गाठोडं बांधायचे आणि उंबऱ्यात थांबायचे. पाय उचलत नव्हता. आता आपल्या हातून पुन्हा पडदा व्हायचा नाही, असं मला म्हणाले. मी त्यांना खऱ्या काशीला न्यायची तयारी दाखवली. "खऱ्या काशीला जाऊन काय रंगवू?" ते म्हणाले. "ती तिथे आहेच की."

शेवटी एका रविवारी काकूंनीच भाकरी बांधून गाठोडं त्यांच्या हातात दिलं आणि घरी जाऊन या म्हणाल्या. काका नळाच्या खांबाभोवती फिरत राहिले. दुपारी पुढच्याच दारानं आत आले आणि जेवण मिळेल का म्हणाले. जवळचं गाव, म्हणून मराठीतच. काकूंनी पान मांडलं. पाहुणे कुठून आलात, विचारलं. समुद्राकाठच्या एका वाडीतून, काका म्हणाले.

"आमचं माणूस दिसलं का तिथं?"

काकांनी भाकरीचा तुकडा मोडला. "दिसले. विहिरीपाशी बसलेत. त्यांचा पाय निघत नाही."

काकूंनी भाताचं पातेलं उतरवलं, उरलेल्या भाकऱ्या फडक्यात बांधल्या, गाठोडं डोक्यावर घेतलं. "मग मीच जाते त्यांना आणायला." देवाला नमस्कार करून त्या बाहेर पडल्या आणि नळाला वळसा घालून चालू लागल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच प्रवासाला निघाल्या होत्या बिचाऱ्या.

काका जेवणावरून तसेच उठले. उष्ट्या हातानंच त्यांनी रंगाच्या वाट्या ओढल्या आणि मला रंगात मिसळायचा सरस तापवायला सांगितला.

"हात चालव," ते म्हणाले. "बाई निघाल्या. त्या पोचायच्या आत घर उभं राहिलं पाहिजे."

मी सरस चुलीवर चढवला.