कड्यांतले मोहरीचे दाणे

मी बुऱ्हाणपुरात विज्ञान शिकवत होतो. निवृत्तीच्या आदल्या वर्षी जवळच्या जसोंडी गावाहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने शाळेच्या प्रदर्शनासाठी शनी बनवला. त्याची कडी केळीच्या खोडाच्या धाग्यांची होती, आणि कड्यांमधल्या फटींत तिने मोहरीचे दाणे चिकटवले होते.

"सर, इथं बारके चंद्र असतील. तेच फट मोकळी ठेवत असतील."

"शनीला फोडणी दिलीस का गं?" मी म्हणालो. वर्ग खूप हसला. पुस्तकात तसे काही नव्हते, म्हणून मी ते दाणे नखाने खरवडून काढले.

प्रदर्शनात परीक्षकांनी नेमके विचारले, या फटी कशामुळे पडत असतील? ती माझ्याकडे पाहू लागली. उत्तर मी दिले, तिचेच.

"वाह सर, क्या बात है!" परीक्षक म्हणाले. मी ते कौतुक स्वतःकडे घेतले.

गेल्या आठवड्यात जसोंडीला जाऊन मी तिच्यापुढे सगळे कबूल केले. तिने चहा दिला.

"मला कशाला सांगता, सर? मला तर माहीतच होतं," ती म्हणाली. "हसले ते बाकीचे."

म्हणून त्या बाकीच्यांसाठी हे लिहितो आहे. ते उत्तर तिचे होते.