दप्तर चावडीवर गेलं

माझे यजमान तलाठी होते आणि त्यांचं दप्तर आमच्या ओसरीवरच असायचं. मी लाजाळू, माणसांसमोर जात नसे. पण दाराआड भाकरी करताना गावभरची बोलणी कानावर यायची. तेवढीच माझी सोबत होती.

मग श्रीगोंद्याच्या तहसील कचेरीतून हुकूम आला, तलाठ्याने चावडीतच बसायचं. ओसरीवरचं कपाट गेलं, सतरंजीही गेली.

दुसऱ्या दिवशी वस्तीवरची एक म्हातारी उताऱ्यासाठी आली.

"भाऊसाहेब कुठं हायेत, वैनी?"

"आता चावडीवर बसतात."

"बरं झालं बाई, सुटलीस. लई वर्दळ हुती तुझ्या दारात!"

मी मान हलवली. तिला बसा म्हणायचं होतं, पण मी बोटानं चावडीची वाट दाखवली. ती चावडीकडे गेली. मी आत येऊन पीठ मळायला घेतलं.