सरड्याच्या पेटीतला वास

मला वाट बघता येत नाही. चहा नीट उकळायच्या आधीच मी गॅस बंद करतो, आणि मग चहा फिक्का झाला म्हणून बायकोलाच बोलतो. अशा माणसाला लेकीनं बजावून ठेवलं होतं, "बाबा, रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत त्याला पेटीत सोडायचं नाही. रोज हुंगून बघा. जरासुद्धा वास आला तर थांबा."

तो म्हणजे तिचा सरडा. ऑस्ट्रेलियाकडचा, दाढीवाला, रीतसर कागदपत्रं करून पाळलेला. ती नोकरीसाठी बंगळुरूला गेली, तिथल्या घरमालकाला प्राणी चालत नव्हते, म्हणून तो माझ्याकडे राहिला. मी तोऱ्यात म्हणालो होतो, "जा तू निर्धास्त. थंडीच्या आत त्याला लाकडी बंगला बांधून देतो." आयुष्यभर कंपनीत फिटर म्हणून राबलेला माणूस मी, एक पेटी म्हणजे काय मोठंसं!

पेटी झालीही झटपट. अंबडच्या भंगारवाल्याकडून पॅकिंगच्या फळ्या आणल्या, रंधा मारला, तळाला दुहेरी फळी टाकून मधल्या पोकळीतून बल्बची वायर नेली. पुढं सरकती काच. खरी परीक्षा त्यानंतर होती. लेकीनं फोनवर मला सगळं लिहून घ्यायला लावलं होतं. आधी पॉलिश पेपर, मग पाण्यातला प्रायमर, तो वाळल्यावर पुन्हा घासायचं, पुन्हा प्रायमर, मग रंग, वर वॉर्निशचे तीन हात आणि शेवटी सांध्यांत सिलिकॉन. प्रत्येक हातानंतर एक दिवस थांबायचं. मी पहिल्याच प्रायमरवर दोन तासांत दुसरा हात मारला आणि सगळा थर ब्रशला चिकटून वर आला. तो खरवडताना मी दुकानदाराला आणि ढगाळ हवेला यथेच्छ शिव्या घातल्या. नंतर मात्र गपगुमान एकेक दिवस थांबलो.

थांबलो म्हणजे काय, येरझारा घातल्या. गॅलरीत पेटी, हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या टबात टेबललॅम्पखाली सरडा. रोज सकाळी पेपरात आधी निफाडचा पारा बघायचो. तो खाली गेला की माझा वर चढायचा. टबातली ऊब सरड्याला पुरत नव्हती. त्यानं खाणं सोडलं. भोपळ्याचा कीस पुढं केला तर नुसता एक डोळा मिटायचा. बायको दारातूनच म्हणायची, "अहो, ते काळं पडायला लागलंय." मला ते दिसत नव्हतं असं नाही.

मग पुन्हा पेटीत तोंड घालून हुंगायचो. सिलिकॉनचा आंबूस वास चार दिवसांत गेला, पण मागं काहीतरी उग्र राहिलंच. पेटी उन्हात ठेवली, पंख्यापुढं ठेवली, कोळसा ठेवला, कापलेला कांदा ठेवला. शेवटी रंगाच्या दुकानात जाऊन भांडलो. दुकानदार म्हणाला, "काका, पाण्यातल्या रंगाला एवढे दिवस वास राहतच नाय. तुमचं नाकच बिघडलंय." मी तणतणत घरी आलो.

या सगळ्या दिवसांत मला मासे आठवत होते. लेक चौथीत असताना तिच्याकडे काचेच्या टाकीत चार मासे होते. एका रविवारी मी घाईघाईत ती टाकी फिनेलनं धुतली, दोनदा विसळली आणि मासे परत सोडले. ती खेळून आली तेव्हा चारही उताणे तरंगत होते. "थंडीनं गेले गं," मी म्हणालो. थंडीचे दिवस होतेच, खपून गेलं. हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

सिलिकॉन भरल्याच्या बाराव्या दिवशी सरडा पोटावर पसरून पडला. बोट लावलं तरी हलेना. माझा धीर सुटला. वास गेला खड्ड्यात, आता सोडतोच, असं म्हणत मी त्याला उचलून गॅलरीत आणलं. बायकोनं तोवर पेटीला हातही लावला नव्हता. ती काच सरकवायला म्हणून आली, वाकली आणि थबकली.

"रंग कुठला? हा तर आपल्या कपाटाचा वास."

मी सरडा मांडीवर घेऊन खाली बसलो. आमच्या घरात लाकडाची कुठलीही नवी वस्तू आली की पहिल्या दिवशी तिच्या पोटात डांबरगोळ्या जातात. वडील टाकायचे, मीही टाकतो. आमचे स्वेटर, रजया, लग्नाचा अल्बम, सगळ्याला तोच वास. त्यामुळं पेटीत तो उग्र लागला तरी माझ्या नाकाला ओळखू आला नाही. तळाच्या फळीचे स्क्रू काढले. आत वायरीशेजारी चार पांढऱ्या गोळ्या होत्या, माझ्याच हातानं ठेवलेल्या. कशासाठी, तर किडे लागू नयेत म्हणून. मला स्वतःची इतकी लाज वाटली की हातातला पेचकस खाली ठेवायचं सुचेना.

तेवढ्यात बायकोनं माझ्या मांडीवरून सरडा उचलला. पालीला बघून पलंगावर चढणारी ही बाई त्याला शालीत घेऊन गच्चीवर उन्हात जाऊन बसली. खाली उतरली ती दुपारी. "मान वर केली त्यानं," म्हणाली, आणि गरम पाण्याची पिशवी भरून टबाखाली सारली.

मी लेकीला फोन लावला. गोळ्यांचं सांगितलं, आणि तोंड उघडलंच होतं तर माशांचंही सांगून टाकलं.

"माशांचं मला तेव्हाच कळलं होतं, बाबा. टाकीला फिनेलचा वास येत होता."

हे सगळं ठाऊक असूनही तिनं सरडा माझ्याकडे ठेवला होता.

"तळाची फळी नवी टाका," ती म्हणाली. "आणि पुन्हा प्रायमरपासून. मध्ये एकेक दिवस थांबायचं."

"थांबतो," मी म्हणालो.